शिजवलं की संपलं? (साल्मोनेला, १९९४चं आईस्क्रीम आणि आपला ओटा)

साय_लोणी:

उन्हाळी पंगतींच्या धाग्यावर परवा जुंपली होती, त्यात तिघाचौघांनी एकच वाक्य फेकलं: "नीट शिजवा, जंतू मरतात, विषय संपला." उत्तर द्यायला बसले तर प्रतिसाद इतका लांबला की म्हटलं वेगळा धागाच काढू. मी डेअरीत क्वालिटी कंट्रोलला आहे, त्यामुळे उदाहरण दुधाच्या बाजूचंच सुचतंय, सांभाळून घ्या.

जंतू मरतात हे खरंच आहे. ओल्या पदार्थात गाभ्यापर्यंत ७०-७५ अंश सेल्सिअस पोचले की साल्मोनेलाचा (अन्नातून पोटात जाऊन ताप-जुलाब आणणारा जंतू) खेळ खलास. पण त्याच्या गाजलेल्या साथींची वर्णनं वाचायला घेतली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. पदार्थ व्यवस्थित तापवलेला असतो आणि जंतू त्यात नंतर शिरलेला असतो.

आता १९९४चं आईस्क्रीम. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या आरोग्य खात्याला दिसलं की साल्मोनेला एन्टरिटिडिस या प्रकाराचे रुग्ण एकाएकी वाढलेत. रुग्णांना आणि तुलनेसाठी आजारी न पडलेल्या लोकांना "काय काय खाल्लं" विचारत गेल्यावर एक नाव वर आलं, श्वान्स. ही कंपनी ट्रकमधून घरोघरी आईस्क्रीम पोचवायची, कारखाना मार्शल नावाच्या लहानशा गावात. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात लोकांना इशारा गेला आणि माल परत मागवायला सुरुवात झाली. तोवर आईस्क्रीम देशभर पोचलं होतं. नंतरच्या हिशेबात आजारी पडलेल्यांचा अंदाज निघाला २ लाख २४ हजार!

कारखान्यात घाण होती का? तपासणाऱ्यांना तिथे बोट ठेवण्यासारखं काही सापडलं नाही. आईस्क्रीमचं प्रिमिक्स (दूध, साय, साखर वगैरेचं तयार मिश्रण) बाहेरून यायचं, तेही रीतसर पाश्चराइज केलेलं. ते टँकरने मार्शलला यायचं आणि पुन्हा न तापवता थेट पुढच्या प्रक्रियेला जायचं. मेख टँकरमध्ये होती. हेच टँकर आधीच्या खेपेला कच्च्या अंड्यांचा बलक-पांढरा भरून नेत होते. मधे धुलाई व्हायची, पण ती कधी अर्धवट, कधी नावापुरती.

टँकर धुणं काय असतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. सीआयपीचं (टँकर न उघडता आतून धुण्याची पद्धत) गरम कॉस्टिक सोड्याचं पाणी आतल्या भिंतींवरून छान फिरतं. पण मॅनहोलच्या झाकणाखालची रबरी गॅस्केट उपसून काढा आणि तिच्या खाचेत स्वॅब फिरवा. वरून चकाचक दिसणाऱ्या टँकरमध्ये तिथे पिवळट, बुळबुळीत थर हाताला लागतो. गॅस्केटला बारीक चीर असेल तर ब्रशही आत पोचत नाही. आपल्याकडे संकलन केंद्रावरून टँकरने येणारं दूध डेअरीत पोचल्यावर पाश्चराइज होतं (७२ अंश, १५ सेकंद), म्हणून वाटेतल्या कितीतरी चुका तिथे पोटात घातल्या जातात. मिनेसोटात तापवणं आधी आणि टँकर नंतर होता. सगळा फरक या क्रमाचा.

आणखी एक गोष्ट. त्या आईस्क्रीममध्ये जंतू भरमसाट नव्हते. एका वाढपात काही डझन असावेत असा अंदाज निघाला. धडधाकट माणसाला आजारी पाडायला सहसा लाखाच्या घरात जंतू लागतात असं आम्हाला शिकवलं होतं. मग एवढ्याशांनी कसं काम केलं? साय! स्निग्ध पदार्थात गुरफटलेला जंतू जठरातल्या आम्लापासून बचावतो आणि आतड्यापर्यंत सुखरूप उतरतो. चॉकलेट, चीज, शेंगदाण्याचं लोणी या सगळ्यांत हाच प्रकार दिसलाय. गोठवल्याने थोडे मरतात, उरलेले महिनोन्‌महिने तग धरून असतात. फ्रीझर म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे.

विचारा काय विचारायचं ते. माहीत असेल ते सांगेन.

---

निवडुंग_पाटील:

लेख रोचक, पण माझा मुद्दा तसाच आहे. खराब अन्नाला वास येतो, चव बदलते. आमच्या आजीला नुसत्या वासावरून भाजी टाकायची की ठेवायची ते कळायचं. लॅब-बिब काही नव्हतं तेव्हा.

---

साय_लोणी:

> खराब अन्नाला वास येतो

पाटील, आजींचं नाक बरोबरच होतं. ते नासवणाऱ्या जंतूंना ओळखायचं. दूध फाटवणारे, भाताला तार आणणारे, भाजी आंबवणारे जंतू वेगळे. ते कोट्यवधींनी वाढतात आणि आपला पत्ता स्वतःच सांगतात. साल्मोनेला ज्या संख्येने आजारी पाडतो त्या संख्येत वास, रंग, चव यांतलं काहीही बदलत नाही. दोन लाखांवर लोकांनी ते आईस्क्रीम चवीने खाल्लंच ना.

---

पेट्रीडिश:

धागा आवडला. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, थोडी भर घालतो.

साल्मोनेला बीजाणू बनवत नाही. म्हणजे क्लॉस्ट्रिडियम किंवा बॅसिलसासारखं कवच घालून उकळत्या पाण्यात बसण्याची सोय त्याला नाही. तरी तो कोरड्या पदार्थांत महिने, कधी वर्षंही काढतो. कोरडं पडायला लागलं की पेशीत ट्रेहॅलोज, प्रोलीन अशी द्रव्यं साठवतो, म्हणजे पाणी गेलं तरी आतला कारभार कोलमडत नाही. वाढ थांबते, मरण लांबतं. आणि गंमत अशी की कोरड्या अवस्थेत त्याला उष्णताही कमी लागू पडते. शेंगदाण्याच्या लोण्यात ९० अंशांना पाऊण तास ठेवूनही काही जंतू शिल्लक राहिल्याचं प्रयोगांत दिसलंय. त्यामुळे धागाकर्तीचे "७०-७५ अंश" हे ओल्या पदार्थापुरतेच धरा, तिने तसं लिहिलंच आहे.

१९९३ साली जर्मनीत बटाट्याच्या चिप्सवरून साथ आली होती. चिप्स तळलेले. वर भुरभुरवलेली पॅप्रिका, म्हणजे सौम्य लाल मिरचीची पूड, दूषित. अंदाजे हजारभर आजारी, त्यांत बहुतेक मुलं. अंदाज असा की एकेकाच्या पोटात जेमतेम ४ ते ४५ जंतू गेले असावेत. तळण झाल्यावर मसाला, म्हणजे पुन्हा तुमचाच "क्रम".

आपल्याकडचा मसाला आपण फोडणीत घालतो, तिथे प्रश्न मिटतो. पण दह्यावर भुरभुरलेली जिरेपूड, कापलेल्या पेरूवरचं तिखटमीठ, ताकातली मिरपूड? अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २००७ ते २००९ मधल्या आयात मसाल्यांच्या खेपा तपासल्या तेव्हा सुमारे ७ टक्के खेपांत साल्मोनेला मिळाला होता. मिरी, मिरची, धणे हे जमिनीवर, अंगणात, छपरावर वाळतात. पाखरं, पाली, उंदीर सगळ्यांची ये-जा तिथेच असते.

---

सुगरण_की_काय:

बाप रे. जिरं भाजून पूड केली तर?

---

पेट्रीडिश:

ताई, कोरडं भाजताना जिरं १५० अंशांच्या पुढे जातं, खमंग वास सुटेपर्यंत भाजलंत तर काळजी नको. फक्त नंतर ज्या डब्यात भराल तो डबा आणि चमचा कोरडा, स्वच्छ असू द्या.

---

थंडगार_मिनेसोटा:

अरे, हे तर आमच्या गावचं! म्हणजे मी इथे खूप नंतर आले, पण श्वान्सचे पिवळे ट्रक आमच्या गल्लीत यायचे. नंतर नाव बदलून येलो केलं आणि नोव्हेंबर २०२४मध्ये ती घरपोच सेवा बंदच झाली. शेजारच्या आजी अजून हळहळतात. ९४ची गोष्ट त्यांना विचारली तर म्हणाल्या, "आठवतंय की, पण आईस्क्रीम फार छान असायचं." घ्या.

एक विचारायचं होतं. इथे अंडी धुतलेली आणि फ्रीजमध्येच मिळतात, युरोपात बिनधुतलेली, फळीवर. पुण्यात आई कागदी पिशवीतून आणते आणि घरी आल्या आल्या नळाखाली धुते. बरोबर कोण?

---

साय_लोणी:

दोन्ही पद्धती आपापल्या जागी चालतात, सरमिसळ मात्र चालत नाही. अंड्यावर निसर्गाने एक पातळ आवरण दिलेलं असतं, ते कवचाची छिद्रं झाकतं. युरोप ते राखतो. अमेरिका ते धुऊन काढते, मग अंडं सतत थंड ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. आईंची पद्धत यांत सगळ्यांत वाईट, सॉरी. गार पाण्याने आतला भाग आकसतो आणि ओल्या छिद्रांतून बाहेरचं आत ओढलं जाऊ शकतं. विष्ठा लागलेलं अंडं घेऊच नये. घेतलंच तर वापरायच्या क्षणी पुसावं.

पण एन्टरिटिडिसची खरी भानगड कवचाच्या आत आहे. तो कोंबडीच्या अंडाशयात बस्तान मांडतो. कवच तयार व्हायच्या आधीच जंतू आत आणि कोंबडी वरून ठणठणीत. अंडं कितीही घासा, काय उपयोग? ब्रिटनमध्ये डिसेंबर १९८८मध्ये एडविना करी या आरोग्य खात्याच्या मंत्र्यांनी "देशातलं बहुतेक अंडी-उत्पादन साल्मोनेलाने बाधित आहे" असं जाहीर बोलून टाकलं. अंड्यांचा खप कोसळला, बाईंना राजीनामा द्यावा लागला. "बहुतेक" हा शब्द अतिशयोक्तीचा होता, पण प्रश्न खरा होता. पुढे तिथे कोंबड्यांनाच लस द्यायला लागले, आणि २०१७मध्ये तिथल्या अन्न मानक संस्थेने सांगितलं की सिंहाचा शिक्का असलेली (म्हणजे लस दिलेल्या कोंबड्यांची) अंडी गरोदर बायकांनी आणि म्हाताऱ्यांनीही अर्धकच्ची खाल्ली तरी चालतील. माणसांना उपदेश करत बसण्यापेक्षा कोंबडीला टोचलेलं बरं, हे माझं आवडतं उदाहरण.

---

तालमीतला_गडी:

आम्ही कोल्हापूरकर. रोज पहाटे दुधात कच्ची अंडी फेटून. वस्तादांनी हेच खाल्लं, त्यांच्या वस्तादांनी हेच. गावठी अंड्याला काय होतंय?

---

पेट्रीडिश:

दादा, गावठी कोंबडी उकिरड्यावर चरते. तिथे साल्मोनेलाला मज्जाव नाही. हजारात एखादंच अंडं बाधित असेल असं धरलं तरी रोज पाच-सहा कच्ची खाणाऱ्याची वर्षाची बेरीज काय होते बघा. शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं प्रथिन शिजलेल्यापेक्षा कमी पचतं, म्हणजे जोखीम घेऊन वर घाटाच! उकडून खा. ताकद तीच, किंबहुना जास्त.

---

तालमीतला_गडी:

वस्तादांना तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार. 😀

---

पेशवेपार्कातला_हत्ती:

पुणेकर म्हणून एक मसालेदार भर. साल्मोनेला मुद्दाम पसरवल्याचं प्रकरण माहीत आहे का? कोरेगाव पार्कातून अमेरिकेला गेलेल्या रजनीशांच्या मंडळींनी ओरेगनमध्ये रजनीशपुरम वसवलं होतं. १९८४च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या वास्को काउंटीची निवडणूक होती. विरोधातल्या मतदारांना मतदानाच्या दिवशी अंथरुणात झोपवायचं, हा बेत. रंगीत तालीम म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द डाल्स गावातल्या दहा रेस्टॉरंटांतल्या सॅलड बारवर साल्मोनेलाचं द्रावण घातलं. ७५१ लोक आजारी, सुदैवाने मृत्यू एकही नाही. मूळ बेत मात्र पुढे गेला नाही.

तपास करणाऱ्यांनी आधी निष्कर्ष काढला होता की हॉटेलातल्या कामगारांचे हात अस्वच्छ! वर्षभराने रजनीशांनीच आपली सचिव मा आनंद शीला आणि तिच्या साथीदारांवर जाहीर आरोप केले, मग छापा पडला आणि आश्रमाच्या प्रयोगशाळेत तोच स्ट्रेन (जंतूचा वाण) मिळाला.

---

पेट्रीडिश:

+१. तो स्ट्रेन म्हणजे साल्मोनेला टायफिम्युरियम, जंतूंच्या संग्रहातला नंबर एटीसीसी १४०२८. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत सर्रास वापरतात. माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं की फ्रीझरमधल्या त्या कुपीकडे जरा आदराने बघायला लागतात. आणि निवडलेली जागा बघा, सॅलड बार. चुलीवरून पुढे न जाणारं अन्न.

---

निवडुंग_पाटील:

ठीक, वासाचा मुद्दा सोडतो. पण माणूस आजारी नेमका का पडतो? जंतू पोटात गेला, आम्लातून वाचला, पुढे?

---

पेट्रीडिश:

पाटील, तुम्ही माझ्या सगळ्यांत आवडत्या जागेवर बोट ठेवलंत. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पेयर्स पॅच नावाचे रोगप्रतिकारक ऊतींचे पुंजके असतात. त्यांच्यावरच्या एम पेशी आतड्यातल्या मालाचे नमुने सतत आत घेत असतात. साल्मोनेला तिथून शिरतो. पण नुसती दारं उघडी मिळायची वाट बघत नाही. त्याच्याकडे सुईसारखी रचना असते, तिच्यातून तो स्वतःची प्रथिनं आतड्याच्या पेशीत टोचतो. पेशीचा सांगाडा हलतो, पृष्ठभाग फुगून वर येतो आणि पेशी जंतूला स्वतःच आत ओढून घेते. मग त्याला गिळायला मॅक्रोफाज येतात, त्यांनी गिळलं तरी हा मरत नाही. पोकळीत बसून दुसऱ्या संचातली प्रथिनं टोचतो आणि ती पोकळी राहण्यालायक करून घेतो.

आता खरी चलाखी. आतड्यात आधीच अब्जावधी रहिवासी जंतू असतात, ते उपऱ्याला जागा देत नाहीत. साल्मोनेला मुद्दाम दाह पेटवतो. दाह म्हणजे पांढऱ्या पेशींचा मारा, सक्रिय ऑक्सिजन, ताप, कळा, जुलाब. आतड्यातल्या रहिवाशांनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडपासून थायोसल्फेट बनतं, दाहातल्या ऑक्सिजनमुळे त्याचं टेट्राथायोनेट होतं. आणि टेट्राथायोनेटवर श्वसन करणं साल्मोनेलाला जमतं, त्या रहिवाशांतल्या बहुतेकांना जमत नाही. म्हणजे आपण त्याला हाकलायला जी आग लावतो, तीच त्याला दम पुरवते. हे २०१०मध्ये प्रसिद्ध झालं.

आणि यातली गंमत म्हणजे प्रयोगशाळेत विष्ठेतून, अन्नातून साल्मोनेला वेचून काढायला टेट्राथायोनेट ब्रॉथ (जंतू वाढवायचं पातळ खाद्य, थोडक्यात टीटी) १९२३पासून वापरतात! त्यात तो बाकीच्यांवर मात करतो हे माहीत होतं. आतड्यात तो तेच मिश्रण आपल्याकडून बनवून घेतो, हे कळायला जवळपास नव्वद वर्षं लागली.

---

साय_लोणी:

क्या बात! टीटी ब्रॉथमध्ये आयोडीन घालून घालून बोटं पिवळी झाली आमची, पण ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

तपासणीचं निघालंच आहे तर एक सांगते. रिपोर्टवर "अ‍ॅबसेंट इन २५ ग्रॅम" असं लिहून येतं. २५ ग्रॅम नमुना पेप्टोन वॉटरमध्ये रात्रभर ठेवतो, म्हणजे दमलेले जंतू सावरतात. मग टीटी आणि आरव्ही या साल्मोनेलाला पुढे काढणाऱ्या ब्रॉथमध्ये, मग एक्सएलडी अगर या घट्ट खाद्याच्या प्लेटवर. लालसर प्लेटवर मधे काळा ठिपका असलेल्या वसाहती दिसल्या की पोटात गोळा येतो, आणि खात्री करेपर्यंत चार-पाच दिवस जातात. पण ते २५ ग्रॅम सोडून उरलेल्या टनभर मालात काय, हे प्लेट सांगत नाही. काही डझन जंतू जिथे पुरतात तिथे माल तपासून सुटका नसते. म्हणून गॅस्केट उपसून बघणं मला रिपोर्टपेक्षा मोलाचं वाटतं.

---

स्टेथोवाला:

डॉक्टरकीच्या बाजूने चार शब्द.

लोक येतात आणि म्हणतात, "काल रात्री त्या हॉटेलात खाल्लं, तासाभरात उलट्या." तासाभरात साल्मोनेला काही करत नाही. त्याला साधारण ६ ते ७२ तास लागतात, कधी जास्तही. खाल्ल्यावर १ ते ६ तासांत नुसत्या उलट्या होत असतील तर स्टॅफिलोकोकसचं नाहीतर भातातल्या बॅसिलसचं तयार विष असतं. ताप, पोटात मुरडा आणि जुलाब असतील तर आदल्या, त्याच्या आदल्या दिवशीचं आठवा. शेवटचं हॉटेल बिचारं उगाच बदनाम होतं.

औषध मुख्यतः ओआरएस. बहुतेकांचं ४ ते ७ दिवसांत आपोआप थांबतं. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने सुरू करू नका. धडधाकट माणसाला त्याने फारसा फायदा होत नाही, उलट विष्ठेतून जंतू पडत राहण्याचा काळ लांबू शकतो. तान्ही बाळं, वयस्कर, गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांचं गणित वेगळं, तिथे जंतू रक्तात उतरू शकतो. शौचातून रक्त, चढता ताप, लघवी कमी होणं यांपैकी काही दिसलं तर थांबू नका. आणि ताप किंवा रक्त असताना जुलाब "बांधायची" गोळी नको.

अजून एक. रोज सकाळी उठल्या उठल्या अ‍ॅसिडिटीची गोळी घेणारे आपल्याकडे घरटी एक निघतात. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल वगैरे. जठराचं आम्ल हा पहिला पहारेकरी, गोळी त्यालाच झोपवते. अशांना साल्मोनेलाचा धोका वाढतो हे नीट सिद्ध झालेलं आहे. गरज असेल तर जरूर घ्या, पण सवय म्हणून वर्षानुवर्षं नको.

---

केळफूल:

डॉक्टर, थोडं अवांतर. माझ्या मुलाला ताप होता, विडाल पॉझिटिव्ह आली, टायफॉइड म्हणून औषध झालं. टायफॉइड आणि हा साल्मोनेला एकच का?

---

स्टेथोवाला:

एकाच घराण्यातले. साल्मोनेला एन्टेरिका या एका जातीत अडीच हजारांवर प्रकार आहेत. टायफी आणि पॅराटायफी ए हे माणसातच राहणारे. कोंबडी, अंडं, कासव यांच्याशी त्यांचा संबंध नाही. माणसाच्या विष्ठेतून पाण्यात-अन्नात आणि परत माणसात. जुलाबाने सुरुवात होईलच असं नाही, चढत जाणारा ताप मुख्य, म्हणूनच आपल्याकडे मुदतीचा ताप म्हणायचे. लक्षणं दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

विडालबद्दल आम्हीच दोषी आहोत. ही तपासणी १८९६ची. शरीरातल्या प्रतिपिंडांचा अंदाज देते. पूर्वी कधी संसर्ग झाला असेल, काही लशी घेतल्या असतील, दुसराच कुठला ताप असेल, तरी पॉझिटिव्ह येऊ शकते. आपल्यासारख्या ठिकाणी एकट्या विडालवर निदान करू नये. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखणं), हा खरा मार्ग. मुलाचं औषध झालंय, तो बरा आहे, तर मागचं उकरू नका. पुढच्या वेळी कल्चरचं विचारा.

लस मात्र टायफॉइडवर आहे आणि चांगली आहे. २०१८मध्ये नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना टायफॉइड कॉन्जुगेट लस देण्याची मोहीम राबवली, पहिल्या टप्प्यातच एक लाखावर मुलांना टोचली. सरकारी यंत्रणेमार्फत या लशीची ही जगातली पहिली मोहीम मानतात. या लशीने अंड्या-चिकनवाला साल्मोनेला अडत नाही, कारण लस ज्या आवरणावर बेतलेली आहे ते त्याच्या अंगावर नसतंच.

---

थंडगार_मिनेसोटा:

टायफॉइड मेरी आठवली. न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत स्वयंपाक करायची, स्वतः ठणठणीत. १९०६ साली ऑयस्टर बे इथे एका कुटुंबात टायफॉइड निघाला आणि जॉर्ज सोपर हा तपास करत तिच्यापर्यंत पोचला. तिचा हातखंडा पदार्थ कोणता? ताजे पीच घातलेलं आईस्क्रीम! परत आईस्क्रीमच.

---

साय_लोणी:

अगदी. सोपरचा तर्कच तो होता. तिचा बाकीचा स्वयंपाक चुलीवर शिजत होता, हातावरचे जंतू तिथे मरत होते. आईस्क्रीमला हात लागल्यावर चूल नाही. पित्ताशयात ठाण मांडलेला जंतू वर्षानुवर्षं बाहेर पडत राहतो. तिला पकडून एका बेटावर ठेवलं, मग एकदा सोडली, नाव बदलून ती १९१५मध्ये एका प्रसूतिगृहात स्वयंपाकाला लागली आणि तिथे २५ जणांना टायफॉइड, दोघं दगावले. पुढचं सगळं आयुष्य परत त्याच बेटावर नजरकैदेत. बाईंवर अन्यायही झाला असं मला वाटतं. तसे इतर वाहक सापडले होते, डांबलं तिला. पण तो वेगळा धागा.

---

सुगरण_की_काय:

आता कामाचं बोला. पुढच्या महिन्यात मुलाच्या साखरपुड्याला तीनशे माणसं आहेत, नॉनव्हेजही आहे. आणि घरी मी चिकन तीन पाण्यांतून धुते, आता इथे कुणीतरी "धुऊ नका" म्हणणार, मला दिसतंय ते.

---

साय_लोणी:

म्हणणारच. 😀 धुतल्याने जंतू जात नाहीत, नळाची धार चिकनवर आपटून ते ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर, पालथ्या घातलेल्या भांड्यांवर उडतात. मारायचं काम पातेलं करणारच आहे. मन मानतच नसेल तर धार न सोडता मोठ्या भांड्यातल्या पाण्यात अलगद बुडवून काढा, पाणी जपून ओता, मग सिंक आणि हात साबणाने धुवा. खरा धोका विळीचा. चिकन कापलं, विळी नुसती पाण्याखाली धरली आणि त्याच पात्यावर काकडी चोचवली. चिकन शिजणार, काकडी नाही. आधी कोशिंबिरीचं चिरून घ्या, मग चिकन. आणि ओटा पुसायचं ते एकच ओलं फडकं, ज्याने विळी, ओटा आणि शेवटी ताटही पुसलं जातं, ते रोज उकळा नाहीतर फेका.

मोड आलेली कडधान्यं उसळीत बिनधास्त. कच्ची मटकी कार्याच्या जेवणात ठेवू नका. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, ती जंतूलाही मानवते.

---

पेट्रीडिश:

कार्यासाठी अजून एक. ३७ अंशांच्या आसपास साल्मोनेला साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. कागदावर एका जंतूचे आठ तासांत १ कोटी ६७ लाख. प्रत्यक्षात सुरुवातीला थोडा अडखळतो, तरी अंदाज येईल. आदल्या रात्री केलेलं चिकनचं मोठं पातेलं झाकून ठेवलं तर मधला रस्सा सकाळीही कोमट असतो. खरं सांगायचं तर त्या पातेल्यात पहिला गुन्हेगार क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स असतो, कारण त्याचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात. साल्मोनेला आला तर कच्च्या चिकनचा डाव शिजलेल्यात बुडवल्यामुळे. दोघांवर उपाय एकच. तिथेच, त्याच दिवशी शिजवून गरम गरम वाढायचं. उरलं तर परातींत पसरून लवकर गार करून फ्रीजमध्ये.

आणि स्टार्टर्ससोबत मेयोनीज असेल तर विचारा कशाचं. कच्च्या अंड्याच्या मेयोवर केरळने २०२३मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४मध्ये बंदी घातली, ती उगाच नाही. कंपनीच्या डब्यातलं एगलेस किंवा पाश्चराइज्ड अंड्याचं असेल आणि पुरेसं आंबट असेल तर हरकत नाही, डबा उघडल्यावर गार राहिला पाहिजे एवढंच.

---

सुगरण_की_काय:

आचाऱ्याला फोन केला. चिकन सकाळी हॉलवरच शिजवणार. कोशिंबिरीला वेगळा माणूस आणि वेगळी सुरी, तो म्हणाला, "काकू, हे पहिल्यांदाच कुणी विचारलं." बासुंदी आदल्या रात्रीची होती, ती रद्द करून गरम जिलबी सांगितली. मेयोचं विचारल्यावर हसायला लागला. "डब्यातलंच असतंय हो, तीनशे माणसांचं फेटत कोण बसणार?"